सरकारी कंत्राट घेणाऱ्या संस्थेने नियमपालनाचे प्रशिक्षण कसे उभारावे

सरकारी कामाची निविदा भरताना संस्था जी बांधिलकी स्वीकारते, ती कागदावर स्वीकारणारे आणि प्रत्यक्षात पाळणारे लोक सहसा वेगळे असतात. निविदा विभागातील दोघे-तिघे शेवटच्या दिवशी घाईघाईने शपथपत्रे, हमीपत्रे आणि दाखले अपलोड करतात. त्या शपथपत्रात कबूल केलेले वेतन पुढे वेतन लिपिक काढतो, मोजमापाचा खरेपणा साइटवरच्या अभियंत्याच्या हाती असतो, आणि कामगारांची हजेरी मुकादम लिहितो. या तिघांपैकी एकानेही करार पाहिलेला नसतो. प्रशिक्षणाला खरी गरज इथे असते. ते देशातील कायद्यांच्या यादीपासून सुरू केले, तर ऐकणाऱ्याला आपल्या टेबलाशी त्याचा संबंध लागत नाही. म्हणून या लेखात सुचवलेली पद्धत उलट दिशेने जाते: आधी करार, मग त्या करारातील प्रत्येक अट ज्याच्या हातून पाळली किंवा मोडली जाते तो माणूस, आणि शेवटी त्या माणसाला लागेल तेवढाच कायदा.

लेखातील नियम मुख्यतः केंद्रीय आहेत. राज्य शासन, महानगरपालिका, जिल्हा परिषदा आणि महामंडळे यांची स्वतःची खरेदी नियमावली व कराराचे नमुने असतात. पद्धत मात्र तीच राहते.

पहिली पायरी: करार वाचून दायित्वांची नोंदवही करणे

कार्यारंभ आदेश हाती पडला की पहिल्या आठवड्यातच एका जबाबदार व्यक्तीने संपूर्ण निविदासंच वाचून काढावा. त्यात सर्वसाधारण अटी, विशेष अटी, निविदापूर्व बैठकीचे इतिवृत्त, सर्व शुद्धिपत्रके आणि आपण स्वतः सादर केलेली प्रत्येक घोषणा यांचा समावेश हवा. शुद्धिपत्रके वगळण्याची सवय विशेष घातक असते, कारण मूळ अट एक सांगते आणि तिसऱ्या शुद्धिपत्रकाने ती बदललेली असते. आपलीच शपथपत्रेही तितक्याच काळजीने वाचावीत. अनेक संस्था ती जुन्या निविदेतून उचलून तारीख बदलून भरतात, आणि त्यामुळे आपण नेमके काय कबूल केले आहे हे त्यांनाच ठाऊक नसते.

या वाचनातून एक नोंदवही तयार करावी. अटीचा क्रमांक, सोप्या मराठीत तिचा अर्थ, ती पाळणारी व्यक्ती, पाळल्याचा पुरावा असलेला कागद, मुदत, आणि मोडल्यास करारात लिहिलेला परिणाम, एवढे सहा रकाने पुरतात. ‘ती पाळणारी व्यक्ती’ या रकान्यात विभागाचे नाव लिहू नये, माणसाचे नाव लिहावे. ‘लेखा विभाग’ असे लिहिले की ती अट कोणाचीच राहत नाही.

उदाहरणार्थ, बहुतेक बांधकाम करारांत अशी अट असते की जे काम पुढे झाकले जाणार आहे, म्हणजे पाया, लोखंड किंवा जमिनीखालची वाहिनी, त्याचे मोजमाप झाकण्यापूर्वी खात्याच्या अभियंत्याला कळवून नोंदवले पाहिजे. नोंदवहीत ही अट साइटवरच्या विशिष्ट अभियंत्याच्या नावावर पडेल. पुरावा म्हणून लेखी सूचनेची पोच आणि मोजमाप पुस्तकातील, म्हणजे झालेल्या कामाच्या खात्याच्या अधिकृत वहीतील, नोंद येईल. आणि परिणाम म्हणून ते काम उकरून दाखवावे लागणे किंवा त्याचे पैसे नाकारले जाणे, असे लिहिले जाईल. ही एक ओळ म्हणजेच प्रशिक्षणाचा एक पूर्ण धडा आहे.

दुसरी पायरी: कोणाला काय शिकवायचे ते ठरवणे

नोंदवही नावाप्रमाणे लावून पाहिली की गट आपोआप दिसू लागतात. साधारणपणे निविदा भरणारे, साइट सांभाळणारे, वेतन व हजेरी पाहणारे, खरेदी करणारे, संगणकीय माहिती हाताळणारे आणि संचालक किंवा भागीदार असे सहा गट पडतात. लहान संस्थेत एकच माणूस यांपैकी तीन गटांत असू शकतो, आणि त्यात काही वावगे नाही. सर्वांना एकाच सभागृहात बसवून दिवसभर एकच व्याख्यान ऐकवणे हा मात्र सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वेतन लिपिकाला निविदेतील संगनमताचे कलम ऐकून काही मिळत नाही, आणि निविदा भरणाऱ्याला भविष्य निर्वाह निधीच्या चलनाची तारीख ऐकून.

संचालकांचा गट शेवटी लिहिला असला, तरी प्रशिक्षण त्यांच्यापासूनच सुरू व्हावे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ मध्ये २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ९ खाली लाच प्रकरणात व्यावसायिक संस्थाच आरोपी होऊ शकते. संस्थेशी संबंधित कोणीही, म्हणजे कर्मचारी किंवा संस्थेच्या वतीने सेवा देणारा मध्यस्थ, संस्थेला काम मिळावे किंवा टिकावे म्हणून लोकसेवकाला लाच देत असेल, तर दंड संस्थेला होतो. संचालकाची किंवा अधिकाऱ्याची संमती वा मूक सहभाग सिद्ध झाला, तर कलम १० प्रमाणे त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे. याच कलम ९ ने संस्थेला एक बचावही दिला आहे: असे वर्तन रोखण्यासाठी आपण पुरेशी कार्यपद्धती लागू केली होती, हे संस्थेने दाखवणे. प्रशिक्षण हा त्या कार्यपद्धतीचा दिसणारा भाग असतो. संचालकांना हे नीट समजले की पुढच्या सगळ्या पायऱ्यांना वेळ आणि पैसा मिळतो. तोपर्यंत मिळत नाही.

तिसरी पायरी: निविदा विभागाचा अभ्यासक्रम

सरकारी कामात संस्थेवर येणाऱ्या गंभीर कारवाईचे मूळ पुष्कळदा निविदेतच असते. म्हणून या गटाला सर्वाधिक वेळ द्यावा.

पहिला विषय डिजिटल स्वाक्षरीचा. अनेक ठिकाणी मालकाच्या स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे ती साठवलेले पेनड्राइव्हसारखे उपकरण, आणि त्याचा पिन निविदा भरून देणाऱ्या सल्लागाराच्या खणात पडलेला असतो, आणि तोच सल्लागार आणखी चार संस्थांच्या निविदा भरत असतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार स्वाक्षरीची खासगी कळ आपल्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची आहे. शिवाय एकाच संगणकावरून, एकाच आयपी पत्त्यावरून दोन ‘स्पर्धक’ निविदा गेल्या, तर संगनमताच्या चौकशीत तो पहिला धागा ठरतो. आपण स्वच्छ असलो, तरी सल्लागाराच्या सोयीमुळे आपले नाव त्या चौकशीत येऊ शकते. म्हणून टोकन कुलपात, वापराची नोंद वहीत, आणि अपलोड आपल्याच कार्यालयातून, हे तीन नियम या गटाला पहिल्याच दिवशी द्यावेत.

दुसरा विषय रिंगचा, म्हणजे कोणी किती दराने निविदा भरायची हे स्पर्धकांनी आपसात ठरवून घेण्याचा. ‘सपोर्ट म्हणून एक टेंडर टाका’ ही विनंती या धंद्यात इतक्या सहजपणे केली जाते की नव्या माणसाला तो शिष्टाचार वाटतो. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली बोली संगनमताने ठरवणे हा असा करार मानला जातो की त्याचा स्पर्धेवर विपरीत परिणाम झाल्याचे कायदाच गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. दंड त्या काळातील प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, यांपैकी जे जास्त असेल तितका, होऊ शकतो. हे शिकवताना कलम वाचून दाखवण्यापेक्षा प्रसंग द्यावा: ओळखीच्या कंत्राटदाराचा फोन येतो, तो फक्त एवढेच विचारतो की तुम्ही या कामात किती बिलो, म्हणजे अंदाजित किमतीच्या किती खाली, जाणार आहात. उत्तर काय द्यायचे, फोन ठेवल्यावर कोणाला कळवायचे, आणि त्याची नोंद कुठे करायची, हे तिन्ही प्रश्न प्रशिक्षणार्थीकडून मोठ्याने सोडवून घ्यावेत.

तिसरा विषय खोट्या घोषणांचा. यात बनावट अनुभव दाखले आणि दलालामार्फत आणलेल्या बँक हमी हे उघड प्रकार आले. बँक हमी देणाऱ्या शाखेकडून थेट पडताळल्याशिवाय सादर होणार नाही, असा नियम संस्थेने स्वतःसाठीच करावा. पण खरे अपघात कमी उघड जागी होतात. निविदा क्षमतेच्या, म्हणजे संस्था आणखी किती काम पेलू शकते ते मोजण्याच्या, सूत्रात वार्षिक कामाचे सर्वोच्च मूल्य, कामाची मुदत आणि एक गुणक यांच्या गुणाकारातून हातातील चालू कामांची रक्कम वजा करायची असते. गुणक निविदेप्रमाणे दीड, दोन असा बदलतो. चालू कामांपैकी एखादे ‘विसरले’ की क्षमता वाढते आणि पात्रता बसते. आकडेमोड करणाऱ्या लिपिकाला ती किरकोळ सवलत वाटते, तर खात्याच्या दृष्टीने ती पात्रतेसाठी दिलेली खोटी माहिती असते.

स्थानिक मूल्यांशाची, म्हणजे किमतीतला किती भाग देशात तयार झाला याची, घोषणाही अशीच आहे. ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणाऱ्या केंद्राच्या १५ जून २०१७ च्या आदेशात पुढे सुधारणा होत गेल्या, त्यानुसार ५० टक्के किंवा अधिक स्थानिक मूल्य असलेला पुरवठादार पहिल्या वर्गात आणि २० ते ५० टक्क्यांमधला दुसऱ्या वर्गात येतो. दहा कोटी रुपयांवरील खरेदीत स्वयंघोषणा पुरत नाही, लेखापरीक्षकाचा किंवा परिव्यय लेखापालाचा दाखला लागतो. आयात केलेले यंत्र तसेच्या तसे पुरवून त्याची वाहतूक, विमा, उभारणी आणि देखभाल करार यांची किंमत स्थानिक मूल्य म्हणून दाखवता येत नाही, हे केंद्राने स्पष्ट केलेले आहे. तरीही नेमकी हीच चूक वारंवार घडते, कारण टक्केवारी मांडणाऱ्याला ते स्पष्टीकरण कोणी दाखवलेले नसते. खोट्या घोषणेचा परिणाम दोन वर्षांपर्यंतच्या प्रतिबंधाचा असू शकतो.

या सगळ्यांना बांधणारा नियम म्हणजे केंद्राच्या खर्च व खरेदीसाठी असलेल्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील नियम १७५, म्हणजे सचोटीची संहिता. लाच, संगनमत, दबाव, आतली माहिती वापरणे, चौकशीत अडथळा आणणे, हे सर्व त्यात येतेच. त्याशिवाय हितसंबंधांचा संघर्ष आणि मागील तीन वर्षांतील आपले उल्लंघन स्वतःहून उघड करण्याचे बंधनही येते. नियम १५१ प्रमाणे संहिता मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरलेल्याला तीन वर्षांपर्यंत निविदांपासून दूर ठेवता येते. मोठ्या कामांत याच्या जोडीला सचोटी करारावर, म्हणजे खाते आणि बोलीदार या दोघांनी गैरप्रकार न करण्याच्या लेखी करारावर, सही घेतली जाते आणि त्यावर स्वतंत्र बाह्य निरीक्षक नेमलेले असतात. सही करणाऱ्याने तो करार किमान एकदा पूर्ण वाचलेला असावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

चौथी पायरी: साइटवरच्या लोकांसाठी मोजमाप आणि टक्केवारी

साइटवरच्या प्रशिक्षणात दोनच गोष्टी नीट शिकवल्या तरी पुष्कळ झाले. पहिली मोजमाप पुस्तक. झालेल्या कामापेक्षा जास्त मोजमाप नोंदवून ‘पुढच्या महिन्यात भरून काढू’ असे म्हणणे हे तोंडी समजुतीने चालते, पण चालू देयकासोबत आपल्या प्रतिनिधीची सही जाते आणि ती सही कायमची राहते. म्हणून आपल्या अभियंत्याला स्वतंत्र मोजमाप वही ठेवायला शिकवावे, खात्याच्या नोंदीशी ती त्याच दिवशी ताडून पाहायला लावावे, आणि फरक आढळल्यास तो लेखी कळवण्याचा मसुदा त्याच्या हाती तयार द्यावा. वाढीव बाबींचेही, म्हणजे मूळ करारात नसलेल्या जादा कामांचेही, तसेच: लेखी मंजुरीपूर्वी काम सुरू करण्याचा आग्रह साइटवर नेहमी होतो, आणि नकार देण्याचे बळ अभियंत्याला स्वभावातून येत नाही, ते कार्यालयाने दिलेल्या कागदातून येते.

दुसरी गोष्ट टक्केवारीची, म्हणजे देयकाच्या ठरावीक टक्क्यांनी मागितल्या जाणाऱ्या लाचेची. या विषयावर प्रशिक्षणात गप्प राहणे म्हणजे संस्थेचे खरे धोरण काय आहे ते सांगूनच टाकणे होय. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ८ खाली लाच देणाराही गुन्हेगार आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंतच्या कैदेची आहे. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले, तर त्याला या कलमाचे संरक्षण मिळते. आधी यंत्रणेला कळवून, तिला साहाय्य म्हणून दिलेली रक्कमही गुन्हा ठरत नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे. सात दिवसांची ही मुदत साइटवरच्या प्रत्येकाला तोंडपाठ हवी, कारण मुदत निघून गेल्यावर नाइलाजाने दिले हा खुलासा फारसा उपयोगी पडत नाही.

मागणी झाली तर काय बोलायचे, याचा सराव करून घ्यावा. ‘माझ्याकडे अधिकार नाही, कार्यालयाला विचारतो’ हे वाक्य साधे आहे आणि वेळ मिळवून देते. त्यानंतर त्याच दिवशी संस्थेतील ठरलेल्या व्यक्तीला कळवणे बंधनकारक असावे. आणि देयक अडकल्याचा राग त्या अभियंत्यावर काढला जाणार नाही, हे संचालकाने त्या वर्गात स्वतः येऊन सांगावे.

पाचवी पायरी: वेतन, हजेरी आणि कामगार संहिता

या गटाचे जुने साहित्य आता बदलणे भाग आहे. वेतन संहिता, २०१९ आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा व व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील २०२० च्या तीन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. कंत्राटी कामगारांचा १९७० चा आणि बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा त्यांत विलीन झाले आहेत. निविदांच्या छापील नमुन्यांत मात्र जुन्या कायद्यांची नावे अजून दिसतात, म्हणून लिपिकाला जुन्या नावासमोर नवी तरतूद दाखवणारा एक पानाचा तक्ता करून द्यावा.

त्या तक्त्यात काही मुद्दे ठळक हवेत. कंत्राटी कामगारांविषयीचा भाग आता २० ऐवजी ५० किंवा अधिक कामगार असतील तिथे लागू होतो, पण किमान वेतन आणि वेळेवर वेतन यांना अशी सूट नाही. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत गेले पाहिजे, आणि काम सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. जादा कामाचा दर दुप्पट आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन लहान ठेवून निधीची वर्गणी वाचवण्याची जुनी रचना आता कोसळते. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचे आहे. प्रकल्पापुरते निश्चित मुदतीवर घेतलेल्या कर्मचाऱ्याला उपदानासाठी (ग्रॅच्युइटी) पाच वर्षे सेवेची अट लागू राहत नाही, त्यामुळे निविदेतला दर ठरवतानाच तो खर्च धरावा लागतो.

भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत होतो, हे बहुतेकांना माहीत असते. माहीत नसते ते असे, की एका कामाच्या चलनाची प्रत दुसऱ्या कामाच्या देयकाला जोडणे ही खोटी माहिती आहे, जरी चलन स्वतः खरे असले तरी. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर मुख्य नियोक्त्याला, म्हणजे काम देणाऱ्या खात्याला, ते द्यावे लागते आणि तो ते देयकातून वसूल करतो. म्हणून खात्याचे लोक हजेरीपट, बँक भरणा आणि चलन यांतील नावे जुळवून पाहतात. प्रशिक्षणातही तेच करावे. मागच्याच महिन्याचे हे तीन कागद समोर ठेवून लिपिकाने विसंगती शोधायची, एवढाच त्या दिवसाचा अभ्यास.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा याच गटाच्या वेळापत्रकात घालावा, पण ऐकायला सर्वांना बोलवावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी, आणि कंत्राटी कामगार महिलाही कायद्याच्या व्याख्येत ‘कर्मचारी’ आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. साइटवरच्या मजूर महिलेला समितीच्या सदस्याचे नाव आणि फोन क्रमांक माहीत नसेल, तर कार्यालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या आदेशाचा उपयोग नाही.

सहावी पायरी: माहिती हाताळणारे

मालमत्ता सर्वेक्षण, लाभार्थी नोंदणी, डेटा एन्ट्री किंवा सॉफ्टवेअर देखभाल अशी कामे घेणाऱ्यांनाच हा भाग सविस्तर लागतो. सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. सहा तास हा काळ इतका लहान आहे की ‘कळवायचे कोणी’ हा प्रश्न त्या वेळी विचारायला सवड नसते. म्हणून तो आधीच ठरवावा, आणि मध्यरात्रीचा प्रसंग धरून एकदा तालीम घ्यावी. त्यापेक्षा रोजचा धोका साधा असतो: क्षेत्रावरची मुले लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकासह व्हॉट्सॲप गटावर टाकतात. ती सवय मोडण्यासाठी त्यांना माहिती पाठवण्याचा दुसरा सोपा मार्ग द्यावा लागतो. नुसती मनाई टिकत नाही.

सातवी पायरी: उपकंत्राटदार, मजूर पुरवठादार आणि संपर्क मध्यस्थ

आपल्या कर्मचाऱ्यांना शिकवले आणि काम मात्र उपकंत्राटदाराकडून करून घेतले, तर प्रशिक्षणाचा निम्मा अर्थ गेला. आधी उपकंत्राट देण्याची परवानगी करारात आहे का ते पाहावे. सामान्य वित्तीय नियमांतील नियम १४४ मध्ये २३ जुलै २०२० रोजी आणलेल्या निर्बंधांमुळे भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील नोंदणी नसलेल्या कंत्राटदाराला कामाचा भाग देता येत नाही, हेही खरेदी विभागाला ठाऊक हवे. त्यानंतर नोंदवहीतील ज्या अटी उपकंत्राटदाराच्या हातून पाळल्या जाणार आहेत, त्या त्याच्याशी केलेल्या करारात जशाच्या तशा उतरवाव्यात आणि त्याच्या मुकादमाला आपल्याच वर्गात बसवावे. त्याचे प्रशिक्षण झाल्याशिवाय पहिले देयक नाही, असा नियम केला की उपस्थितीची अडचण उरत नाही.

खात्यातील कामे ‘करून आणणारे’ मध्यस्थ हा वेगळा विषय आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ९ मध्ये संस्थेशी संबंधित व्यक्ती म्हणून ते बसतात. त्यांच्याशी लेखी करार, कामाचे वर्णन आणि कामाच्या मानाने वाजवी, बँकेतून दिलेला मोबदला नसेल, तर प्रशिक्षण देत बसण्यापेक्षा ती व्यवस्था बंद करणे अधिक शहाणपणाचे आहे.

आठवी पायरी: शिकवण्याची पद्धत आणि वेळ

साहित्य संस्थेच्याच कागदांतून तयार करावे. बाहेरून आणलेल्या सादरीकरणात परक्या कंपन्यांची उदाहरणे असतात आणि ती कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आपल्याच मागच्या निविदेतील नावे झाकलेले एक पान वर्गाला ताबडतोब जागे करते. कार्यालयीन गटांसाठी पाऊण तास ते एक तासाची छोटी सत्रे घ्यावीत. मजुरांसाठी सकाळी काम सुरू होण्यापूर्वीची दहा मिनिटे योग्य असतात, आणि ती कामाच्या वेळेत धरली जावीत. साइटवर हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारे कामगार असतील, तर त्यांच्यातल्याच एखाद्या जाणत्या कामगाराला आधी शिकवून त्याच्याकरवी सांगावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पत्रके छापण्यात अर्थ नाही. वेतनचिठ्ठीतला प्रत्येक आकडा कशाचा, हे त्यांना तोंडी समजावणे जास्त मोलाचे आहे.

वेळापत्रक वर्षाच्या दिनदर्शिकेला बांधण्यापेक्षा कामाच्या टप्प्यांना बांधावे. निविदा विभागाचे सत्र मोठी निविदा भरण्यापूर्वी, साइटचे कार्यारंभ आदेशानंतर लगेच, नव्या माणसाचे रुजू झालेल्या आठवड्यात, आणि कायदा किंवा करार बदलला की संबंधित गटाचे महिन्याच्या आत. अंतिम देयकापूर्वी एक सत्र आवर्जून ठेवावे, कारण त्या वेळी घाई, थकवा आणि पैशाची निकड एकत्र येतात.

नववी पायरी: तपासणी आणि नोंदी

सत्राच्या शेवटी बरोबर-चूक अशा दहा प्रश्नांचा कागद भरून घेणे सोपे असते, पण त्यातून पाठांतर तेवढे कळते. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या कामातला एक प्रसंग लिहून द्यावा आणि तो काय करील ते दोन-चार ओळींत लिहून घ्यावे. सहा आठवड्यांनी त्याच्या टेबलावरचा खरा कागद उचलून पाहावा: टोकनची वही भरली जाते का, मोजमापातील फरकाचे पत्र गेले का, सात तारखेला वेतन निघाले का. या तपासणीत तीच चूक चौघांकडे सापडली, तर दोष बहुधा शिकवण्यात किंवा कामाच्या रचनेत आहे, चौघांत नाही.

प्रत्येक सत्राची तारीख, विषय, वापरलेले साहित्य, शिकवणाऱ्याचे नाव, उपस्थितांच्या सह्या आणि त्यांनी लिहिलेली उत्तरे एकत्र ठेवावीत. गैरहजर राहिलेल्यांची यादी आणि त्यांचे सत्र पुढे कधी झाले, ही नोंद विशेष जपावी. चौकशीत पहिला प्रश्न नेमका त्या एका माणसाबद्दल येतो. मागील तारखेच्या सह्या मात्र कधीही घेऊ नयेत. प्रशिक्षण झालेच नाही ही त्रुटी असते, पण झाल्याचा बनावट पुरावा हा नवा अपराध असतो, आणि तो पुरेशा कार्यपद्धतीचा बचावही संपवतो.

तक्रार किंवा शंका नोंदवण्याचा मार्ग याच टप्प्यात चालू करावा. लहान संस्थेत त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. रोजच्या कामाच्या साखळीबाहेरची एक व्यक्ती, शक्य तर संस्थेचा बाहेरचा लेखापाल किंवा वकील, आणि तिचा फोन क्रमांक पुरतो. आलेल्या प्रत्येक शंकेला ठरावीक दिवसांत उत्तर जावे आणि त्या शंकांतून पुढच्या सत्राचे प्रसंग निवडावेत. तीन महिन्यांत एकही शंका आली नाही, तर सगळे आलबेल आहे असे समजू नये. त्या व्यक्तीचा क्रमांक साइटवर कोणाकडे आहे ते आधी विचारावे.

काम पूर्ण झाल्यावर नोंदवही बंद करण्याची घाई करू नये. दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम संपल्यावरही त्यातले दोष आपल्याच खर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, सुरू असेपर्यंत दुरुस्तीची, सुरक्षा ठेवीची आणि कागद जपण्याची बांधिलकी चालूच असते, आणि तोवर मूळ साइट अभियंता सहसा दुसऱ्या कामावर गेलेला किंवा नोकरी सोडून गेलेला असतो. त्याच्या जागी येणाऱ्याचे नाव नोंदवहीत त्याच आठवड्यात चढवावे, आणि त्याला शिल्लक राहिलेल्या अटी, मोजमापाच्या वह्या व पत्रव्यवहार समोर ठेवून एक स्वतंत्र सत्र द्यावे.